मागायला काही नाही

बुधवारी पहाटेची नमाज आटोपून तूबा खानम जानमाजची घडी घालत होती. तेव्हा तिचा नवरा हाज हबीब दारातूनच म्हणाला, "आज तिच्या सासरी जाणारच आहात, तर तिची बॅगही घेऊन जा. पुन्हा वेगळी खेप नको."

"बरं," तूबा म्हणाली.

हबीब तिळाच्या गिरणीवर निघून गेला. तूबाने माळ हातात घेतली. रोजचा जप झाल्याशिवाय ती चहाच्या पेल्याला शिवत नसे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने हा नेम धरला होता, आणि बाळंतपणं, दुखणीखुपणी, सासू-सासऱ्यांची मरणं, कशानेही तो मोडला नव्हता. जप चालू असताना मनात दुसरं काही येऊ देऊ नये म्हणतात. तूबाच्या मनात जप चालू नसतानाही फारसं काही येत नसे.

आज मात्र बॅग आली. मणी सरकत होते आणि ती तपकिरी बॅग डोळ्यांपुढून हलत नव्हती.

बॅग महलकाची, तिच्या थोरल्या मुलीची. महलकाला गावातच, अर्दकानात, चार गल्ल्या पलीकडे, इशरत खानमच्या मुलाला दिलेलं होतं. उन्हाळा लागता लागता ती एका दुपारी ती बॅग घेऊन माहेरी आली, ती आलीच. काय झालं म्हणून कोणी विचारलं, तर म्हणायची, "काही नाही." आणि खरोखरच काही झालं नव्हतं. जावई बहजाद टाइल्सच्या कारखान्यात होता. हात उचलणारा नव्हता, अफूच्या वाटेला गेलेला नव्हता, पगार आणून बायकोच्या हातात ठेवायचा. गावातल्या बायकांनी त्याच्यात खोट शोधून पाहिली आणि हात टेकले. मग त्या महलकात खोट शोधू लागल्या.

हबीब आधी रागावला, मग समजावून थकला, मग गप्प झाला. गप्प होणं त्याला चांगलं जमायचं. तूबाने एकदाच विचारलं होतं, आशच्या घट्ट सारासाठी भाजी निवडत असताना. "तुला तो आवडत नाही का?"

महलका पुदिन्याची पानं खुडत राहिली. "आवडतो, नाही आवडत, असं काहीच नाही, मामान. तो घरी आला तरी काही वाटत नाही, गेला तरी वाटत नाही. ईदला त्याने बांगड्या आणल्या. मी घातल्या. संध्याकाळी काढून ठेवल्या."

तूबाने पुढे विचारलं नाही. पुढचं तिला ठाऊक होतं.

आता इशरत खानमने नवसाला पावणाऱ्या बीबीचा सुफरा बोलला होता. सून नांदायला परत यावी म्हणून. जमिनीवर पांढरंशुभ्र कापड अंथरायचं, त्यावर शेवयांची आश, काचीचा गोड शिरा, खजूर, सुका मेवा, आरसा, मेणबत्त्या मांडायच्या, भोवती बायकांनी बसायचं आणि बीबीची कहाणी ऐकायची. कहाणी पुरी झाल्याशिवाय चमचा उचलायचा नाही. शेवटी सांगणारीने यजमानणीचं मागणं आपल्या तोंडाने बीबीपुढे ठेवायचं आणि सगळ्यांनी आमीन म्हणायचं. पुरुषाची सावली सुफऱ्यावर पडता कामा नये. हे इतकं, की पोटुशी बाईसुद्धा बसत नाही, कारण पोटात मुलगा असला तर? आणि जी बसेल तिने मनात काहीतरी मागितलंच पाहिजे. रिकाम्या मनाने कोणी बसत नाही.

कहाणी सांगायला इशरतने तूबालाच बोलावलं होतं. त्यात कावा होता हे न कळण्याइतकी तूबा भोळी नव्हती. मुलीच्या आईच्याच तोंडून मागणं मागवलं, की मुलीने पाय मागे घ्यायचा कसा? पण कावा नसता तरी बोलावणं तूबालाच आलं असतं. आसपासच्या गल्ल्यांत बीबीची कहाणी तीच सांगायची. कारण ती सांगायचा अधिकार ज्या बाईचा स्वतःचा नवस फळलाय तिलाच असतो, आणि तूबाचा फळला होता.

महलका रांगत होती तेव्हाची गोष्ट. हबीबचं मन यज्द शहरातल्या एका विधवा शिंपिणीत गुंतलं होतं. आठवड्यातले निम्मे दिवस तो तिकडेच असायचा आणि इकडे आला की भिंतीकडे बघून जेवायचा. तूबाने सुफरा मांडला, रडून रडून मागितलं. आणि हबीब परत आला. नुसता आला नाही, चांगला होऊन आला. जेवताना घास हातात धरून तिच्याकडे बघत राहायचा. आणि ते बघणं तूबा आतून ऐकायची, बंद दुकानाच्या फळीवर कोणी थापा मारतंय तसं. उठून फळी काढावी असं तिला वाटलं नाही. नवस फळला होता. फक्त फळेपर्यंत मागणारी निघून गेली होती.

हे तिने कोणालाच सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. नवस फळला का, एवढंच विचारतात.

दुपारी निघायच्या वेळी महलका तयार होऊन आली. चादोर डोक्यावर घेतलेली, बॅग हातात. कुठे निघालोय, कशाला निघालोय, तिला सगळं माहीत होतं. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"मी येते," ती म्हणाली, "पण सुफऱ्याला बसणार नाही. स्वयंपाकघरात मदत करीन."

तूबा थबकली. "का ग? दिवस गेलेत?"

"नाही."

"मग?"

"बसलं की काहीतरी मागावं लागतं, मामान. माझ्याकडे मागायला काही नाही. शोधून पाहिलं. काल झोपायच्या आधी बसून शोधलं. नाहीच." ती बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट करत होती. "रिकामी बसले तर बीबीचा अपमान. तू तसंच शिकवलंस ना?"

तूबा तिच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिने सुफऱ्यांवर बायका पाहिल्या होत्या. नवरा मागणाऱ्या, मूल मागणाऱ्या, सवतीचं वाटोळं मागणाऱ्या, काहीच सुचलं नाही म्हणून नुसता नवा गालिचा मागणाऱ्या. पण बीबीशी खोटं बोलायला नको म्हणून बाहेर राहणारी तिने पाहिली नव्हती. तिला स्वतःला हे कधी सुचलं नव्हतं. ती दर वेळी बसली होती.

"चल," ती म्हणाली.

इशरत खानमचं अंगण पाण्याने धुऊन काढलेलं होतं. बाहेरच्या दाराशी बायकांच्या चपलांचा ढीग पडला होता. बहजादला जेवायच्या आधीच घराबाहेर काढलेलं होतं. इशरत दारातच उभी होती, थोराड, गोरी, हातांना मेंदी लावलेली. तिने महलकाचा चेहरा दोन्ही हातांत धरून दोन्ही गालांचे मुके घेतले.

"आली माझी पोर! घराला घरपण आलं बघ. बॅग दे इकडे. आतल्या खोलीत ठेवते, तुझ्याच खोलीत."

महलकाने बॅग दिली. तूबाने ती बॅग दालनाच्या पडद्याआड जाताना पाहिली. एवढं सोपं होतं तर. सुफरा उठेल, बायका चपला घालतील, आणि एक बाई चपला घालणार नाही. कोणी ओढाताण करणार नाही, कोणी रडणार नाही.

आत बायका गोल धरून बसल्या होत्या. खिडक्यांचे पडदे ओढलेले, मेणबत्त्या लागलेल्या, आणि आशवरच्या तळलेल्या कांद्या-पुदिन्याचा वास भरून राहिलेला. शेजारची गौहर, जिच्या तोंडाला झाकण नाही असं सगळं गाव म्हणायचं, तिने सरकून तूबाला जागा दिली.

"या तूबा खानम, लवकर सुरू करा बाई. माझी मागणी इतकी आहेत, की घरून निघताना दोन होती, वाटेत आणखी तीन आठवली. बीबीला वेळ लागायचा."

"तुझं पहिलं मागणं काय ते सगळ्यांना माहीत आहे," पलीकडून कोणीतरी म्हणालं. "सासू!"

"तोबा, तोबा! मी सासूसाठी लांब आयुष्य मागते. फक्त ते तिने धाकट्या मुलाकडे काढावं."

बायका खळखळून हसल्या. इशरतही हसली. मग तिने मान वळवून हाक मारली, "महलका जान, ये ना. तुझी जागा माझ्याजवळ ठेवलीय."

स्वयंपाकघराच्या दारातून महलकाचा आवाज आला, शांत, "मी इथेच बरी आहे, खानम. मी बसणार नाही."

हसणं थांबलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. इशरतचा हात चटका बसल्यासारखा झटकन छातीशी गेला. एकीने दुसरीच्या कानाला तोंड लावलं, दुसरीने तिसरीच्या. सुफऱ्याला न बसण्याचं त्यांना एकच कारण माहीत होतं.

"बसणार नाही..." इशरत पुटपुटली. तिचे डोळे भरून आले. "या अल्ला. तरीच. तरीच मुलगी अशी गुमसुम. तरीच अन्नावर मन नाही. आणि आम्ही वेड्यासारखे कारण शोधतोय!"

"मुबारक, इशरत खानम!" गौहर ओरडलीच. "बीबीने कहाणीची वाटसुद्धा पाहिली नाही!"

"हळू बोल, दृष्ट लागेल."

"मी सांगते, मुलगाच आहे. चालण्यावरून कळतं."

इशरत गुडघ्यांवर सरकत आली आणि तूबाच्या डोक्याचा मुका घेतला. "तूबा जान, तुला माहीत होतं आणि बोलली नाहीस! आतल्या गाठीची आहेस अगदी."

तूबाने तोंड उघडलं. नाही, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. पण भोवती इतके चेहरे उजळले होते, आणि आपणच फुंकर मारायची? शिवाय वाटलं, असू दे. महिन्याभरात कळेलच. तोवर मुलगी इथे रुळेल. रुळतात. ती स्वतः रुळली होती. तिने तोंड मिटलं आणि तिच्या मिटलेल्या तोंडाला सगळ्यांनी होकार समजलं.

कोणीतरी सुका मेवा तिच्यापुढे सरकवला. सांगताना त्यातल्या भाजक्या हरभऱ्यांची सालं काढत राहायची रीत होती. तूबाने बिस्मिल्ला म्हणून पहिली मूठ घेतली आणि कहाणी सुरू केली.

"वाळवंटाच्या कडेला एक गाव. गावात जमिनीखालून पाण्याचे बोगदे खणणारा एक माणूस."

"हो," बायका म्हणाल्या. दर वाक्याला हो म्हणायचं असतं.

"माणूस दिवस दिवस जमिनीच्या पोटात. वर आला की त्याच्या डोळ्यांत अंधार भरलेला. घरी बायको आहे, तिने भाकरी केलीय, दिवा लावलाय, त्याला काही दिसत नाही."

"हो."

"तो वाईट नाही. शिवी देत नाही. भाकरी खातो, झोपतो, उठून बोगद्यात जातो. बायकोने लाल ओढणी घेतली, त्याला दिसली नाही. काळी घेतली, दिसली नाही. एक दिवस बाई रानात जाऊन रडत बसली."

"हो," बायका म्हणाल्या. गौहरचाही आवाज आता मऊ झाला होता. ही जागा आली की प्रत्येकीचा आवाज मऊ व्हायचा. तूबाला ते माहीत होतं. इथे किती थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं तिच्या बोटांत होतं, हरभऱ्याच्या सालासारखं.

"तिथे हिरव्या चादोरीतली एक म्हातारी आली. म्हणाली, लेकी, का रडतेस? बाई म्हणाली, माझ्या नवऱ्याने माझं तोंड पाहिलेलं नाही. म्हातारी म्हणाली, माझ्या नावाने पीठ मागून आण, आश कर, बायका बोलाव, माझी कहाणी सांग. आणि मागताना मनात दुसरं काही ठेवू नकोस. बाईने तसं केलं. भिकेच्या पिठाच्या शेवया वळल्या. बायका जमल्या. आणि कहाणी सांगता सांगता जमिनीखाली काय झालं? माणसाच्या कुदळीला पाणी लागलं."

"हो!"

"पाणी धो धो आलं. बोगदा भरला. पाण्याने त्याला उचललं आणि गावाच्या हौदापर्यंत आणून सोडलं. हौदाच्या काठावर त्याची बायको भांडं घासत होती. त्याचे डोळे पाण्याने धुतले गेलेले. त्याने वर पाहिलं..."

इथे म्हणायचं असतं, आणि त्याने पहिल्यांदा आपल्या बायकोचं तोंड पाहिलं. तिथून घर सुखाने भरलं. बीबी, जसं तिला दिलंस तसं आम्हालाही दे. मग यजमानणीचं मागणं. मग आमीन.

तूबाने वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात महलका उभी होती, हातात पळी. कहाणी ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. पळीतून आशचा एक थेंब जमिनीवर पडला. तिने पाहिलंसुद्धा नाही. आणि तूबाला ते तोंड ओळखीचं वाटलं. मुलीचं म्हणून नव्हे. ते आरशातलं होतं, हबीब घास हातात धरून बघत असायचा त्या दिवसांतलं.

नवऱ्याने पाहिलं, हे सगळ्यांना माहीत आहे. हौदाच्या काठावरून त्या बाईने काय पाहिलं?

"त्याने वर पाहिलं," तूबा पुन्हा म्हणाली, आणि थांबली.

"हो," बायका म्हणाल्या. वाट पाहू लागल्या.

तूबाची बोटंही थांबली होती. आशवर साय धरायला लागली. एका मेणबत्तीचं मेण ओघळून कापडावर आलं.

"विसरलात का?" गौहर कुजबुजली. "बायकोचं तोंड. बायकोचं तोंड पाहिलं."

"माहीत आहे."

"मग बोला ना, खानम! कहाणी अर्धी सोडायची नसते. आमचं सगळ्यांचं मागणं वाटेत लटकलंय."

"माझी तर पाचही," असं म्हणायला गौहर विसरली नाही, पण हसलं कोणी नाही. एक म्हातारी बाई भराभर कुराणातली आयत पुटपुटू लागली.

"तूबा खानम," इशरत म्हणाली. आवाजात अजून गोडवा होता, पण खाली काहीतरी कडक आलं होतं. "पोरीच्या आनंदाने कंठ दाटलाय तुझा. पाणी पी आणि शेवट कर."

"महलका पोटुशी नाही," तूबा म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. तिला मोठ्याने बोलता येतच नसे. पण खोलीत ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"नाही?" इशरत म्हणाली. "मग बसली का नाही?"

"तिला मागायला काही नाही."

कोणालाच कळेना. पोटुशी नाही हे समजण्यासारखं होतं; असतं एखादीचं दुर्दैव. पण मागायला काही नाही म्हणजे काय? एकीने हळूच विचारलं, "आजारी आहे का?"

"मागायला काही नाही, कारण सगळं आहे!" इशरतचा गोडवा संपला. तिचे ओले डोळे आता रागाने ओले होते. एका तासात नातू मिळाला होता आणि गेला होता. "माझ्या मुलाने काय कमी केलं? सांग ना, सगळ्यांसमोर सांग. मारतो? उपाशी ठेवतो? वाटेल ते आणून देतो. त्याला बायको घरात हवी, एवढंच त्याचं मागणं. आणि तू हे आधी नाही बोललीस. मला मुबारकबाद घेऊ दिलीस. माझ्या घरात, माझ्या सुफऱ्यावर."

"ती माझी चूक," तूबा म्हणाली. "मला माफ कर, इशरत."

"माफी नको. कहाणी पुरी कर. आणि मागणं माग. सून नांदायला राहो, एवढंच. तुझा नवस फळलाय, तुझ्या तोंडाला बीबी नाही म्हणायची नाही."

तूबाने हात ओढणीला पुसले. अर्धी कहाणी टाकून उठणं तिच्याने झालं नसतं. बीबीचा धाक तिच्या हाडात होता. आणि इशरत वाईट बाई नव्हती. तीही एक मागणारीच.

"त्याने वर पाहिलं," ती म्हणाली, "आणि पहिल्यांदा आपल्या बायकोचं तोंड पाहिलं."

"हो." सुटकेचा आवाज.

"बायकोनेही पाहिलं. ती भांडं घासायची थांबली नाही."

या वाक्याला हो कोणी म्हटलं नाही. असं वाक्य कहाणीत नव्हतं.

"बीबी," तूबाने डोळे मिटले, "ज्या मागतायत त्यांना दे. इशरतच्या घरात सुख दे, तिच्या मुलाला सुख दे. आणि जिला मागायला काही नाही, तिला थोडे दिवस कोणी काही मागू नये, असं कर."

मग सवयीने म्हणा, कशाने म्हणा, गौहरच्या तोंडून आमीन निघालं. ते ऐकून आणखी दोघी-तिघी म्हणाल्या. इशरत म्हणाली नाही. मग चमचे वाजू लागले, आधी चोरटे, मग सरळ. आश गार झाली होती, पण सुफऱ्यावरचं टाकत नाहीत.

तूबा उठली. पडद्याआडच्या खोलीत गेली. पलंगावर बॅग ठेवलेली होती, उशीला टेकवून. खोली स्वच्छ होती, आरशापाशी बांगड्यांचा डबा होता. तिने बॅग उचलली.

"तू हे घर मोडतेस," इशरत तिच्यामागे येऊन म्हणाली. आता ती हळू बोलत होती. "या अंगणात पुन्हा तुला कहाणीला बोलावणार नाही. आणि माझं पाहून दुसरंही कोणी बोलावणार नाही, बघ."

"बरोबर आहे," तूबा म्हणाली. आणि तिला खरंच तसं वाटत होतं. जिचा नवस फळलाय तिने सांगायची ती कहाणी.

गल्लीच्या तोंडाशी बहजाद भिंतीला टेकून उभा होता. सुफरा उठेपर्यंत घरात यायची सोय नव्हती. त्याच्या पायाशी टरबूज होतं. बायकोला आवडतं म्हणून आणलेलं असावं, किंवा घरात सगळे खातात म्हणून. त्याने दोघींना पाहिलं, मग बॅग पाहिली. सलाम केला.

"तूबा खानम," तो म्हणाला, "माझ्याकडून काय चुकलं?"

"काही नाही, बेटा."

"तेच सगळे म्हणतात," तो म्हणाला. तो महलकाकडे बघत होता. चांगलं, मनापासून बघत होता. महलका टरबुजाकडे बघत होती.

"उन्हात उभा राहू नकोस," तूबा म्हणाली, कारण दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

त्या दोघी चालत राहिल्या. बॅग तूबाच्या हातात होती, आणि ती वाटली होती त्यापेक्षा हलकी होती.

"मी राहिले असते, मामान," महलका म्हणाली. "मी बॅग दिली होती त्यांना. मला तिथे काय आणि इथे काय, सारखंच."

"माहीत आहे. म्हणून तर उचलली."

महलकाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तुला राहायचं असतं तर ठेवली असती," तूबा म्हणाली. "यायचं असतं तर तूच उचलली असतीस. सारखं वाटत असताना माणसाला कुठे ठेवून देऊ नये. मग ते तिथेच राहतं."

एवढं सलग बोलून तिला दम लागल्यासारखं झालं. ती थांबली. घरी हबीब दार उघडेल आणि बॅगेकडे बघेल. तो ओरडणार नाही. गप्प बसेल, कदाचित पुढच्या ईदपर्यंत. तूबाने त्या गप्प बसण्याचा विचार करून पाहिला. ते जड होतं, पण नवं नव्हतं.

वळणावर रोटीवाल्याचा तंदूर पेटलेला होता. दुकानापुढे कोणी नव्हतं. तूबाने सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, सुफऱ्यावरची आश तर तशीच राहिली. तिने बॅग भिंतीशी टेकवली.

"तिळाची घेऊ की साधी?"

"कोणतीही," महलका म्हणाली.

"कोणती?"

"कोणतीही घे ना. मला चालते."

रोटीवाल्याने पिठाचा गोळा हातात घेतला होता. "खानम, सांगा लवकर, तंदूर तापलाय."

"तिला सांगू दे," तूबा म्हणाली.

रोटीवाल्याने खांदे उडवले. महलकाने आईकडे पाहिलं, जरा चिडूनच. कपाळावर आठी आली. कित्येक दिवसांत तिच्या चेहऱ्यावर काही आलेलं तूबा पहिल्यांदाच बघत होती. मागून एक बाई येऊन रांगेत उभी राहिली आणि तिने घसा खाकरला. तूबा हलली नाही. तिला रोज सगळ्यांसाठी हलायची सवय होती, पण आत्ता पाय हलत नव्हते.

"साधी," महलका शेवटी म्हणाली. "तीळ नकोत. घरात सगळ्याला तिळाचाच वास येतो."

हे खरं होतं की आईला गप्प करण्यासाठी होतं, ते तूबाला कळलं नाही. पण हबीब गिरणीवरून येतो तेव्हा त्याच्या कपड्यांना, उशांना, पडद्यांना येणारा तो वास तिलाही आवडत नव्हता, कधीच आवडला नव्हता, हे तिला आत्ता उभ्या उभ्या कळलं.

"दोन साध्या," तिने रोटीवाल्याला सांगितलं. आणि गरम रोटी हातात येताच तिने कड मोडून तोंडात घातली, भर रस्त्यात, जी गोष्ट तिने आयुष्यात कधी केली नव्हती.